ऊनझिरीची जादा गाडी

दिपमाला बोरसेच्या हातून तिकीट घ्यायला लोक कचरायचे. तिला कोड होतं. दोन्ही हात बोटांपासून कोपरापर्यंत पांढरे, ओठांभोवती आणि डोळ्यांभोवतीही पांढरं. प्रवासी पैसे तिच्या तळव्यावर ठेवत नसत. सीटच्या कडेवर ठेवायचे आणि चटकन बोटं मागे घ्यायचे. मग तीही तिकीट हातात देत नसे. सीटच्या त्याच कडेवर ठेवायची आणि पुढे जायची. वाऱ्याने उडालं तर उडालं. "तिकीट सांभाळा, चेकर आला तर मी तुम्हाला ओळखणार नाही," एवढंच म्हणायची.

मी भिकन, तिचा ड्रायव्हर. रिटायर होण्याआधीची सहा वर्षं आम्ही बहुतेक एकाच गाडीवर काढली. मीसुद्धा सुरुवातीला त्या लोकांतलाच होतो, हे आधीच सांगून टाकतो. पहिल्या दिवशी तिने डबा उघडून कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे केला, तेव्हा मी म्हणालो, आज उपास आहे. दुसऱ्या दिवशीही उपास. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "नाना, एवढे उपास केले तर गाडी झाडावर घालाल. खायचं नसेल तर नाही म्हणा, उगाच देवाला मध्ये आणू नका."

मला लाज वाटली. ती भाकरी मी खाल्ली आणि पुढे सहा वर्षं खात राहिलो.

डेपोत ती रागीट म्हणून प्रसिद्ध होती. एकदा नरडाण्याच्या पुढे एका पांढऱ्या टोपीवाल्याने तिला विचारलं, "दुसरा कंडक्टर नाही का गाडीला?" तिने घंटी मारली. मी गाडी बाजूला घेतली. "मागच्या गाडीला आहे दुसरा," ती म्हणाली. "उतरा. ती गाडी दोन तासांनी येईल." तो हसला, मग चिडला, मग उतरला. त्याने तक्रार केली, हिने उत्तर लिहिलं. तिच्या अशा उत्तरांची ऑफिसात एक जाडजूड फाईल होती.

मी एकदा तिला म्हणालो होतो, "जाऊ दे ना दिपमाला, लोक अडाणी असतात."

"अडाणी नाहीत नाना," ती म्हणाली. "अडाण्याला सांगितलं की कळतं. यांना कळलेलं असतं."

तिची सगळी हकीकत मला कळली ती एका दुपारी. गाडी बंद पडली होती, डेपोची व्हॅन येईपर्यंत आम्ही एका निंबाखाली बसलो होतो. ती सोनगीरची. नऊ वर्षांची असताना तिच्या वरच्या ओठावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उठला. घरात आजी होती, वडील पंडित बोरसे होते, आई कमलबाई होती. आजी म्हणाली, पोरीला ऊनझिरीला न्या.

ऊनझिरी म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा गरम पाण्याचा झरा. खडकातून बारा महिने कढत पाणी येतं, खालच्या दगडी कुंडात साठतं आणि तिथे अंगाला सोसेल एवढं निवतं. वर झिरीमायचं ठाणं आहे. पौषातल्या दर रविवारी जत्रा भरते. खरूज, गजकर्ण, कोड, जे काही कातडीवर उठतं ते घेऊन लोक येतात. कुंडात पाच बुड्या मारायच्या. मग भगत बिब्बा तापवतो आणि त्याचं तेल डागावर लावतो. ओला कपडा अंगावरून काढून तिथेच सोडायचा, कोरा घालायचा आणि वरच्या कमानीपर्यंत पायऱ्या चढायच्या. मागे पाहायचं नाही. मागे पाहिलं की रोग पुन्हा पाठीशी लागतो, असं म्हणतात.

"पाणी फार छान होतं, नाना," ती म्हणाली. "थंडीचे दिवस, आणि ते ऊन ऊन पाणी. मला वाटलं, इथेच बसून राहावं. मग त्या माणसाने माझ्या ओठाला बिब्बा लावला."

बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, हे कोणालाही ठाऊक आहे. तिचा ओठ सुजून वांग्यासारखा झाला. पंधरा दिवस ती फक्त पातळ पेज प्यायली. जखम भरली तेव्हा ओठ डावीकडे आवळून आला होता. तो तसाच राहिला. लोक समजतात तोही कोडाचाच भाग आहे.

ठिपका गेला नाही. उलट हातावर नवे आले. तेव्हा घरच्यांनी विचारायला सुरुवात केली: मागे पाहिलं होतंस ना? आजी विचारायची, वडील विचारायचे, शेजारची बाई विचारायची. ती सांगायची, नाही पाहिलं. ती खोटं बोलते म्हणून तिला मारलं. सकाळी विचारलं, संध्याकाळी विचारलं.

"शेवटी एके दिवशी मी हो म्हटलं," ती म्हणाली. "हो म्हटल्यावर मला जेवायला वाढलं."

त्या दिवसापासून घरात जे वाईट झालं ते तिने मागे पाहिलं म्हणून झालं. धाकट्या भावाचं लग्न लांबलं, तेही त्यामुळेच. तिला बघायला बोलावलेले पाहुणे चहा न पिता उठले, तेही त्यामुळेच. वडील वारले, तेव्हाही कोणीतरी ते वाक्य बोललं. तिने परीक्षा दिली, एसटीत लागली, धुळ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या चामडीच्या डॉक्टरांकडून समजून घेतलं की हा रोग लागट नाही, यात कोणाची चूक नसते. घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "डॉक्टर काय, सांगणारच."

ऊनझिरीच्या जादा गाड्या आमच्याच डेपोतून सुटायच्या. चौदा वर्षं दिपमालाने ती ड्युटी टाळली. कोणाची दिवाळीची ड्युटी घे, कोणाची होळीची घे, पण पौषातला रविवार बदलून घे. गेल्या वर्षी मात्र माणसं कमी पडली. ड्युटी लावणारा बाबू म्हणाला, "बाई, या वेळी जावंच लागेल. आणि तुम्हाला काय, देवीचं दर्शन होईल."

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. त्याने मान खाली घातली, पण ड्युटी बदलली नाही.

सकाळी स्टँडवर गाडी खच्चून भरली. पुढच्या सीटवर तिघं बसली होती. तिशीतला एक माणूस, इस्त्रीचा शर्ट, त्याची आई, आणि मधे नऊ-दहा वर्षांची मुलगी. मुलीने थंडीच्या नावाखाली ओढणीने तोंड झाकलं होतं. गाडी तापीचा पूल ओलांडत होती तेव्हा वाऱ्याने ओढणी सरकली. डाव्या डोळ्याच्या अगदी खाली पांढरा डाग होता.

मुलगी दिपमालाच्या हातांकडे बघत होती. मग तिने विचारलं, "तुमचं दुखतं का?"

"नाही गं. उन्हात जरा चुरचुरतं."

"माझं पण नाही दुखत."

"मग ओढणी कशाला? नाव काय तुझं?"

"भूमिका."

आजीने तिला जवळ ओढलं. दिपमालाने त्या माणसाला विचारलं, "कुठून आलात?"

"दीपनगरहून," तो म्हणाला. नाव योगराज. तिथे विजेच्या कामात नोकरी, डिप्लोमा झालेला. आईचं माहेर इकडचं, म्हणून तिला या झऱ्याचं माहीत.

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलंय. औषध चालू आहे. आईचं समाधान म्हणून हेही करून बघतोय. नुकसान काय आहे?"

आरशात मला दिपमालाचा चेहरा दिसला. तिने ओठावर बोट ठेवलं. "हे बघा. हे नुकसान. हे कोडाने झालेलं नाही, तिथल्या बिब्ब्याने झालंय. आणि तुमच्या पोरीचा डाग डोळ्याखाली आहे."

योगराज गडबडला. पण त्याची आई म्हणाली, "ज्याचं नशीब फुटलेलं, त्याचं ऐकून आपण का परत जायचं?" गाडीतल्या दोन-चार बायकांनी माना हलवल्या. दिपमाला तिकिटं फाडत मागे गेली. त्या दिवशी मशीनची बटणं ती इतक्या जोरात दाबत होती की इंजिनाच्या आवाजातही मला ऐकू येत होतं.

ऊनझिरीला गाडी लावली. परतायला दोन तास होते. मी म्हणालो, चहा घेऊ. ती म्हणाली, "तुम्ही घ्या." आणि खाकी ड्रेसवरच पायऱ्या उतरायला लागली. मी चहा सोडून तिच्यामागे गेलो.

खाली वाफ दाटली होती. नारळाचा, ओल्या कपड्यांचा आणि जळक्या बिब्ब्याचा वास येत होता. कुंडाच्या काठावर लोकांनी सोडलेल्या कपड्यांचा ढीग साचला होता. चोळ्या, पायजमे, लहान लहान फ्रॉक. भगत एका दगडावर बसला होता, समोर निखाऱ्यांचं घमेलं, शेजारी बिब्बे आणि सुई. त्याच्यापुढे रांगेत, बारीला माणसं लागली होती. भूमिकाच्या बुड्या झाल्या होत्या. केस चिकटलेले, गाल लाल, आजीने तिचं डोकं धरून भगतापुढे केलं होतं. भगताने सुईच्या टोकावर तापलेला बिब्बा उचलला.

दिपमालाने त्याचं मनगट धरलं.

"डोळा जाईल तिचा," ती म्हणाली.

"हात सोड बाई. मायचं काम आहे."

"मायला सांग, मी धरलाय."

एकच गलका झाला. कोणी म्हणालं, कंडक्टरीण पागल झाली. कोणी म्हणालं, स्वतःचं गेलं नाही म्हणून दुसऱ्याचं जाऊ देत नाही. योगराज पुढे आला. त्याने सुई बघितली, डोळा बघितला, आणि म्हणाला, "बाबा, बिब्बा राहू द्या." एवढं तरी तो बोलला.

भगताने हात सोडवून घेतला. तो शांतपणे दिपमालाला म्हणाला, "तूही लहानपणी आलेली दिसतेस. तुझं गेलं नाही, कारण तू मागे पाहिलं असशील. ज्याचं जात नाही त्याने मागे पाहिलेलं असतं."

मी तिच्या शेजारी उभा होतो. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की हा आळ तिच्या एकटीवर आहे, तिच्या घरच्यांनी शोधून काढलेला. तो तर इथे सगळ्यांना वाटायला ठेवलेला होता, अंगाऱ्यासारखा.

"हे तू सगळ्यांनाच सांगतोस?" तिने विचारलं. मग ती बारीकडे वळून ओरडली, "कोणाकोणाला हे सांगितलंय? बोला ना! किती जणांनी मागे पाहिलं?"

मग बारीतली एक म्हातारी, जिच्या पायाला फडकं बांधलं होतं, हळूच म्हणाली, "माले बी सांगं व्हतं." शेजारच्या बाईने तिला कोपराने ढोसलं. ती गप्प झाली.

इथपर्यंत दिपमालाचं सगळं बरोबर होतं. पुढे जे झालं ते तिच्या रागाने केलं.

आजीने भूमिकाला कोरडे कपडे घातले, ओला फ्रॉक ढिगावर टाकला आणि तिचा हात धरून पायऱ्या चढायला लागली. "मांगे देखू नको. मायनी शपथ शे," ती सारखी म्हणत होती. पोरगी मान ताठ करून, दात आवळून चढत होती. कमान दहा पायऱ्यांवर आली होती.

"भूमिका!" दिपमाला खालून ओरडली. "बघ गं मागे! काही होत नाही, बघ!"

पोरीने मागे पाहिलं.

आजीने तिच्या इतक्या जोरात थोबाडीत मारली की आवाज कुंडापर्यंत आला. मुलगी रडली नाही, फक्त दिपमालाकडे बघत राहिली. बायका कपाळाला हात लावू लागल्या. योगराज खाली धावत आला आणि बोट रोखून म्हणाला, "तुमचं नाव सांगा. बिल्ल्याचा नंबर सांगा." तिने दोन्ही सांगितलं.

ते तिघं आमच्या गाडीत परत आले नाहीत. जीपने गेले.

परत आल्यावर मी मोठ्या मनाने गप्प बसायला हवं होतं, पण मला राहवलं नाही. स्टँडवर गाडी रिकामी झाल्यावर मी म्हणालो, "काय केलंस तू हे? आता डाग गेला नाही तर ते काय म्हणतील? पोरीने मागे पाहिलं. आणि तिने तर खरंच पाहिलंय."

तिच्या हातातून तिकीट मशीन सुटलं. सीटवर आपटलं. ती तिथेच खाली बसली आणि तिने माझ्यावर, भगतावर, झिरीमायवर, बाबूवर, सगळ्यांवर शिव्यांचा पाऊस पाडला. मग स्वतःवर. मी ऐकून घेतलं.

आठ दिवसांनी तिला कारणे दाखवा नोटीस आली. सोबत योगराजच्या तक्रारीची प्रत होती. ती रजा टाकून घरी बसली होती, म्हणून कागद घेऊन मी सोनगीरला गेलो. घरात कमलबाई खाटेवर बसली होती. डोळ्यांनी अधू, पण कान तिखट. मी तक्रार वाचून दाखवली. म्हातारीने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या पोरीलाही मागे पाहायला लावलंस?"

दिपमाला चुलीपाशी होती. ती उठून आईसमोर येऊन उभी राहिली. "आई, मी मागे पाहिलं नव्हतं. मारलंत म्हणून हो म्हटलं होतं."

कमलबाईने पदर डोक्यावर नीट ओढला. मग म्हणाली, "माले ठाऊक शे."

"काय ठाऊक आहे?"

"तू नही देखं मांगे. मी तुझ्या मागेच चढत होते. तुझी मान हलली नाही."

मला वाटलं, दिपमाला आता ओरडेल. तिने फक्त विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तुझी आजी म्हणायची, दोष पोरीचा नसेल तर आईच्या कुशीचा. माले घरमातीन काढी देतात. तुझा भाऊ पाळण्यात होता. तू लहान होतीस. मला वाटलं, विसरशील."

दिपमाला बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिली. तिच्या पाठीकडे बघून मला कळलं, अशा रागाला शिव्याही पुरत नाहीत. आजही ती आईला वेळेवर गोळ्या देते, अंघोळ घालते, डोळ्यांचं ऑपरेशनही तिनेच करून आणलं. पण त्या दिवसानंतर कित्येक महिने ती आईशी कामापुरतं सोडून एक शब्द बोलली नाही. आणि मी तिला बोल असं म्हणालो नाही.

थोड्या वेळाने ती आत आली, माझ्या हातातली तक्रारीची प्रत घेतली आणि खालचा पत्ता वाचला. "नाना, दीपनगरला याल माझ्यासोबत?"

आम्ही भुसावळला उतरून रिक्षाने गेलो. कॉलनीत योगराजचं क्वार्टर सापडायला वेळ लागला नाही. दार त्यानेच उघडलं. दिपमालाला बघताच त्याचा चेहरा बदलला. "तक्रार मागे घ्यायला सांगायला आला असाल तर..."

"घेऊ नका," ती म्हणाली. "मी त्यासाठी आलेले नाही. तुमच्या आईला बोलवा, मला दोघांसमोर बोलायचंय."

आजी आधीच मागे येऊन उभी राहिली होती. आम्हाला आत या म्हणालं नाही कोणी. दिपमाला उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"भूमिकाने मागे पाहिलं ते मी सांगितलं म्हणून. चूक माझी. तिला मारायचं नव्हतं, मला मारायचं होतं. आता ऐका. औषधाने डाग जाईल, नाहीतर राहील, नाहीतर वाढेलही. पण तो वाढला तर या घरात त्या पोरीचं नाव कोणी घ्यायचं नाही. माझं घ्या. दिपमाला पंडित बोरसे. रोज सकाळी उठून शिव्या द्या मला, मी कधी विचारायला येणार नाही. पण तिला एकदाही म्हणायचं नाही की तुझ्यामुळे झालं. मी ते तेहतीस वर्षं ऐकलंय. आणि मी तर पाहिलंही नव्हतं."

आजी तोंडात पुटपुटत आत निघून गेली. योगराज दाराची कडी धरून उभा होता. त्याला रागावायचंही होतं आणि जमतही नव्हतं. भूमिका त्याच्या मागून डोकावली. ओढणी नव्हती.

"म्हणजे तुम्ही मागे पाहिलं नाही, तरी गेलं नाही?" तिने विचारलं.

"नाही गेलं."

पोरीने यावर थोडा विचार केला. मग वडिलांना म्हणाली, "पप्पा, त्यांना पाणी द्या ना."

योगराजने पाणी आणलं. दोन तांबे. तिच्या हातात तांब्या देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. त्याने हात मागे घेतला नाही. मुद्दाम घेतला नाही की त्याच्या लक्षातच आलं नाही, ते मला सांगता येणार नाही.

तक्रार त्याने मागे घेतली नाही. दिपमालाची एक वेतनवाढ थांबली. तिने लिहून दिलं होतं की प्रवाशाच्या मुलीबाबत माझ्याकडून चूक झाली, भगताचा हात धरला त्याबाबत मात्र झाली नाही. साहेबांनी दुसरं वाक्य काढून टाकायला सांगितलं. तिने काढलं नाही. दीपनगरहून निघताना तिने योगराजला धुळ्याच्या डॉक्टरांचं नाव आणि आपला फोन नंबर लिहून दिला होता. उन्हाळ्यात त्याचा तिला एकदा फोन आला, त्या डॉक्टरांचा वार विचारायला. डाग कसा आहे ते तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

या वर्षी मी रिटायर झालो. पौष लागला तेव्हा दिपमालाने ऊनझिरीची ड्युटी आपणहून मागितली. डेपोने दिली नाही. मग तिने साप्ताहिक सुट्टी रविवारी करून घेतली आणि स्वतःचं तिकीट काढून प्रवासी म्हणून गेली. कुंडापाशी, बारी जिथे सुरू होते तिथे ती उभी राहते. लेकरू घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला आपला ओठ दाखवते. "हे बिब्ब्याने झालंय. अंघोळ घाला, पाणी चांगलं आहे. बिब्बा लावू नका. आणि पोराला काही बोलू नका." भगताची माणसं तिला ढकलतात. एकदा तिची चप्पल कुंडात फेकली. ती अनवाणी स्टँडपर्यंत आली.

परवाच्या रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"दोन बाया परत फिरल्या नाना आज. बिब्बा न लावता."

"चांगलं झालं की," मी म्हणालो.

"काय चांगलं झालं? शंभर तरी लेकरं असतील. दोनच."

"दोन काय कमी आहेत का?"

"कमीच आहेत," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.